‘टीझ’ करणं म्हणजे पिंजणं

चिडवणे, सतावणे, डोकं खाणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांविषयी आम्ही शंका मागवल्या होत्या. नागपूर आणि आसपासहून आलेली बरीचशी पत्रं ‘टीझ’ या एका शब्दाभोवती फिरतात, म्हणून या वेळी सदराची बहुतेक जागा त्यालाच दिली आहे.

शब्दकोशात ‘टीझ’चा अर्थ ‘चिडवणे’ असा आहे, आणि त्याच नोंदीत खाली ‘लोकर मोकळी करणे’ असंही दिलं आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत का? मुलांना काय सांगायचं? – शिक्षिका, महाल

शब्द एकच आहे, आणि लोकरीचा अर्थ आधीचा. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ गुंतलेले तंतू बोटांनी ओढून सुटे करणं असा होता. माणसाला त्रास देणं हा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. म्हणजे कित्येक शतकं ‘टीझ’ होत होती ती फक्त लोकर.

मुलांना सांगायला विदर्भात उदाहरण शोधावं लागत नाही. आपल्याकडे कापूस आहे, आणि ‘टीझ’ला मराठीत नेमका शब्द आहे: पिंजणे. कापूस वेचून आला की आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. उरलेली रुई दाबलेली, गुठळ्यांची असते. तिचं थेट सूत निघत नाही, कारण तंतू वाटेल त्या दिशेला वळून एकमेकांत अडकलेले असतात. म्हणून ती पिंजायची. पिंजाऱ्याच्या धनुकलीला आतड्याची ताणलेली तात असते. ती रुईच्या थराला जेमतेम टेकवायची आणि लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तातेच्या कंपनाने रुईचे पुंजके उचलले जातात, हवेत फुटतात आणि कचरा खाली गळतो. तात रुईत खोल खुपसली तर कंपन मरतं आणि रुई तातेला गुंडाळते. पावसाळ्यात हेच काम बिघडतं, कारण आतड्याची तात ओल धरून सैल पडते आणि रुईही चिकट होते. आणि गरजेपेक्षा जास्त पिंजलं तर तंतू तुटतात, त्यांचे बारीक गोळे होतात आणि ते शेवटपर्यंत सुतात राहतात. नीट पिंजलेल्या रुईचे पेळू वळायचे आणि पेळूपासून सूत काढायचं. सेवाग्रामला सहल नेलीत तर चरख्याशेजारी हे पेळू दाखवता येतील. गादीवाल्याचं पिंजण्याचं यंत्र तर मुलांनी आपल्या गल्लीतच पाहिलेलं असतं.

युरोपात हे काम लोकरीवर होई. कातरलेल्या लोकरीचे झुबके चरबीने चिकटलेले असत. ते धुऊन, वाळवून, हाताने थोडेथोडे उकलायचे. हे ‘टीझ’ करणं. त्यानंतर तारांचे वाकडे दात लावलेल्या दोन फळ्यांमध्ये लोकर उलटसुलट ओढायची, त्याला ‘कार्डिंग’ म्हणतात. हा ‘कार्ड’ पत्त्यांचा नव्हे. तो लॅटिनमधल्या काटेरी झाडाच्या नावावरून आला आहे, तर पत्त्यांचा ‘कार्ड’ कागदाच्या पानावरून. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत हेच काम दातेरी तारांनी मढवलेले फिरते रूळ करू लागले.

आता अर्थ कसा सरकला ते पाहा. तंतू ओढताना आपण एकदाच जोरात हिसका देत नाही. थोडं ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. चिडवणाराही तेच करतो. एक टोमणा, मग गप्प, मग त्याच जागी दुसरा. हे लक्षात आलं की ‘टीझ’ आणि ‘इन्सल्ट’ यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही, कारण ‘इन्सल्ट’ला एक वाक्य पुरतं आणि ‘टीझ’ला चिकाटी लागते. खेळकरपणाची छटा मात्र नंतरची आहे. सुरुवातीचा अर्थ चांगलाच त्रासदायक होता.

एका गोष्टीची मौज वाटते. मराठीनेही ‘पिंजणे’ कारखान्याबाहेर नेलं, पण वेगळ्या वाटेने. ‘पोलिसांनी परिसर पिंजून काढला’ असं वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो. क्रिया तीच, तंतू न् तंतू सुटा करण्याची. इंग्रजाला त्यात ओढला जाणारा तंतू दिसला, मराठी माणसाला त्यातून निघणारा ऐवज.

‘टीझल’ नावाची एक काटेरी वनस्पती आहे. तिच्यावरून ‘टीझ’ आला, असं एका पुस्तकात वाचलं. खरं का? – वाचक, काटोल

उलट आहे. कामावरून झाडाला नाव पडलं. टीझलच्या वाळलेल्या बोंडावर आकड्यासारखे वळलेले टोकदार काटे असतात. पण ती बोंडं लोकर पिंजायला वापरत, हा समज चुकीचा आहे. त्यांचं काम विणाईनंतर येई. विणून, धुऊन, कुटून घट्ट केलेल्या लोकरी कापडावर लव उठवायला ही बोंडं चौकटीत बसवून फिरवत, पुढे फिरत्या पिंपावर बसवत. मग उठलेली लव मोठ्या कात्रीने एकसारखी छाटायची. तारेचे दात मिळू लागल्यावरही टीझल बराच काळ टिकला, त्याचं कारण कारागिरांना पक्कं माहीत होतं. कापडात गाठ आडवी आली तर तारेचा दात कापड फाडतो, टीझलचा काटा स्वतः मोडतो. मोडकी बोंडं काढून नवी बसवणं कापडाचा ठाण वाया घालवण्यापेक्षा स्वस्त पडे. इंग्लंडच्या सॉमरसेट भागात यासाठी टीझलची चक्क शेती होत असे.

पार्लरमध्ये ‘हेअर टीझिंग’ म्हणतात ते याच शब्दाचं का? माझ्या हाताखालच्या मुलींना ते नीट जमत नाही, केसांचा गुंता होतो. – वाचक, धरमपेठ

याच शब्दाचं, फक्त दिशा उलटी. लोकर टीझ करायची ती गुंता सोडवायला, केस टीझ करायचे ते ठरवून थोडा गुंता घालायला. मराठीतला ‘पिंजारलेले केस’ इथे चपखल बसतो.

गुंता होण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. केस पूर्ण कोरडे नसतात, बट फार जाड घेतलेली असते, किंवा फणी वर-खाली दोन्हीकडे चालवली जाते. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची बट घ्या, ती डोक्यापासून सरळ वर ताणून धरा आणि बारीक दातांची फणी मध्यापासून मुळाकडे छोट्या झटक्यांनी ढकला. प्रत्येक झटक्यानंतर फणी बाहेर काढून पुन्हा मध्यावर लावायची, केसांतूनच परत वर ओढायची नाही. तीन-चार झटक्यांत मुळाशी उशीसारखा थर बसतो. त्यावर हलका स्प्रे मारा, आणि वरची एक पातळ बट न पिंजारता त्यावर झाकून फक्त पृष्ठभागावरून विंचरा. सोडवताना घाईने मुळापासून ओढलं तर केस तुटतात. आधी कंडिशनर लावून बोटांनी टोकाकडून सुरुवात करायची आणि हळूहळू मुळाकडे जायचं. ब्लीच केलेल्या किंवा नुकत्याच स्ट्रेट केलेल्या केसांवर हे न केलेलंच बरं.

ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय ॲम व्हेरी अनॉइंग विथ द डिले’ असं लिहिलं आणि साहेब हसले. चूक कुठे झाली? – वाचक, हिंगणा

तुम्हाला लिहायचं होतं, ‘उशीर झाल्याने मी वैतागलो आहे.’ लिहिलं गेलं, ‘मी फार वैताग देणारा माणूस आहे.’ साहेब हसले हे त्यामानाने बरंच झालं.

मराठीत तपासून पाहायची सोपी खूण आहे. जिथे ‘चिडवणारा, वैताग आणणारा’ बसतं तिथे ‘अनॉइंग’, ‘इरिटेटिंग’. जिथे ‘चिडलेला, वैतागलेला’ बसतं तिथे ‘अनॉइड’, ‘इरिटेटेड’. तुमच्या वाक्यात ‘अनॉइड’ हवा. पुढचा शब्दही बघा. माणसावर चिडलात तर ‘अनॉइड विथ’, गोष्टीवर चिडलात तर ‘अनॉइड ॲट’ किंवा ‘अबाउट’. म्हणजे ‘अनॉइड अबाउट द डिले’. तरी कामाच्या पत्रात तेही थोडं झोंबतं. ‘कन्सर्न्ड अबाउट द डिले’ लिहिलंत तर म्हणणं पोचतं आणि समोरचा बिथरत नाही.

दुसरी नेहमीची चूक ‘टू’ची. ‘तो मला चिडवतो’ यातला ‘ला’ आपल्याला ‘टू’ लिहायला लावतो आणि ‘ही टीझेस टू मी’ असं वाक्य तयार होतं. टीझ, अनॉय, इरिटेट, बॉदर, पेस्टर, हॅरस या सगळ्यांपुढे माणूस थेट येतो: ‘ही टीझेस मी’. कशावरून चिडवतो ते सांगायचं असेल तर ‘अबाउट’ लावा. ‘बॉदर’पुढे ‘टू’ आला तर तो माणसासाठी नसतो, पुढच्या क्रियापदासाठी असतो. ‘डोन्ट बॉदर टू कम’ म्हणजे ‘यायची तसदी घेऊ नका’. हे वाक्य स्वरानुसार आदराचंही होतं आणि उद्धटही, तेव्हा मेलमध्ये टाळा.

उच्चाराचं एक. ‘टीझ’चा शेवट ‘राज’मधल्या ज-सारखा नाही. ‘झाड’ म्हणताना जीभ जिथे जाते तिथेच ठेवा आणि हवेचा झोत कमी करा, म्हणजे जवळपास बरोबर येतो. ‘हॅरस’चा आघात जुन्या ब्रिटिश पद्धतीने पहिल्या अक्षरावर, अमेरिकेत बहुधा दुसऱ्यावर. दोन्ही चालतात. मुलाखतीत त्यावरून कोणी टोकलं तर टोकणारा चुकला.

‘अनॉय’ हा ‘नॉइज’वरून आला, गोंगाटाने त्रास होतो म्हणून, असा मेसेज फिरतो आहे. – वाचक, सदर

नाही. ‘अनॉय’ हा लॅटिनमधल्या ‘इन ओडिओ’, म्हणजे ‘तिरस्काराच्या जागी’, या शब्दसमूहातून जुन्या फ्रेंचमार्गे आला. कंटाळ्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा फ्रेंच शब्द ‘आँन्वी’ त्याचा सख्खा भाऊ. ‘नॉइज’ वेगळ्या घरचा आहे. त्याचं मूळ लॅटिन ‘नॉसिया’, म्हणजे मळमळ, असं मानतात. एकसारखे वाजतात म्हणून शब्द नातेवाईक ठरत नाहीत. आधी जुना अर्थ बघायचा, मग मधल्या भाषेतलं रूप, आणि ध्वनीचा विचार सर्वांत शेवटी.

त्रास देण्याचे बाकी इंग्रजी शब्दही असेच हातकामातून आले आहेत का? – वाचक, उमरेड

सगळे नाहीत, पण शेतकऱ्याला आणि कारागिराला ओळखीचे वाटतील असे बरेच आहेत. सभेत वक्त्याला मध्येच प्रश्न टाकून भंडावण्याला ‘हेकल’ म्हणतात. हेकल म्हणजे लोखंडी दातांचा फणा, ज्यातून फ्लॅक्सचे तंतू ओढून काढत. फ्लॅक्स म्हणजे आपला जवस. विदर्भात तो तेलासाठी आणि चटणीसाठी पेरला जातो, युरोपात त्याच्या देठाच्या तंतूंपासून लिनन विणत. स्कॉटलंडमध्ये निवडणुकीच्या उमेदवाराची अशी प्रश्नांनी झाडाझडती होऊ लागली आणि शब्द राजकारणात शिरला. ‘गोड’ ही बैलाला टोचायची पराणी. तिची आर लागली की बैल चालतो, आणि बोलण्याची आर लागली की माणूस भडकतो. ‘हॅरो’ हे ढेकळं फोडायचं दातेरी अवजार, आपल्या वखराच्या नात्यातलं. काळजावरून ते फिरलं की अनुभव ‘हॅरोइंग’.

‘पेस्टर’ ऐकून ‘पेस्ट’, म्हणजे कीड, आठवते आणि आजचा अर्थ त्या सावलीनेच पक्का झाला आहे. मूळ मात्र घोड्याच्या पायबंदाचं. पायात दोर अडकवून चालणं अवघड करणं हा जुना फ्रेंच अर्थ. ‘बॅजर’ हा बिळात राहणारा प्राणी. त्याच्यावर कुत्रे सोडायचा क्रूर खेळ होता, त्यावरून पिच्छा पुरवण्याला ‘बॅजर’ म्हणू लागले. बिचारा प्राणी सोसणारा, आणि नाव मात्र छळणाऱ्याच्या कृतीला चिकटलं. ‘हेक्टर’चंही काहीसं तसंच. ट्रॉयचा शूर राजपुत्र, पण सतराव्या शतकातल्या लंडनच्या रस्त्यांवर गुंडगिरी करणाऱ्या तरुणांना ते नाव पडलं आणि ‘हेक्टर’ म्हणजे दमदाटी करणं झालं. जमिनीच्या हेक्टरशी त्याचा संबंध नाही. तो ग्रीक शंभरावरून आला आहे.

आमच्या कॉलेजात ‘ईव्ह टीझिंग’ हा शब्द सर्रास वापरतात. प्राध्यापक म्हणतात वापरू नका. शब्दात एवढं काय? – विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

प्राध्यापकांचं बरोबर आहे. हा शब्द भारतीय उपखंडातल्या इंग्रजीत रूढ झाला. ‘ईव्ह’ ही बायबलमधली पहिली स्त्री, मोह पाडणारी म्हणून प्रसिद्ध, आणि ‘टीझ’ला तोवर चेष्टामस्करीची छटा आलेली. दोन्ही मिळून गुन्ह्याची गंमत होते, आणि दोषाचा थोडा वाटा नकळत मुलीच्या पदरात पडतो. मराठी ‘छेडछाड’चीही तीच खोड. हिंदीतून आलेलं हे ‘छेडणं’ सतारीची तारही छेडतं.

कायद्याच्या इतिहासात हा शब्द तुम्हाला भेटेल. तामिळनाडूने १९९८ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातच तो होता, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालातही तो आहे. पण तक्रार लिहिताना त्याचा उपयोग नाही, कारण भारतीय न्याय संहितेतली कलमं कृतीच्या नावाने बोलतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत कलम ७४ विनयभंगाच्या हेतूने केलेल्या हल्ल्याचं किंवा बळाच्या वापराचं, ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं, आणि ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी काढलेल्या शब्दांचं, हावभावांचं. जुन्या दंड संहितेत हीच कलमं अनुक्रमे ३५४, ३५४-अ, ३५४-ड आणि ५०९ होती. जुन्या घटनेची तारीख १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्हा जुन्या कलमाखाली लागतो. नव्या विद्यार्थ्यांची गफलत बहुधा इथे होते.

म्हणून ‘त्याने माझी छेड काढली’ एवढ्यावर थांबू नका. कधी, कुठे, काय शब्द वापरले ते जसेच्या तसे, हात लावला का, किती वेळा मागे आला, कोणी पाहिलं, हे सगळं लिहा. ‘टीझ’ हा शब्द या सगळ्या तपशिलावर पांघरूण घालतो. ‘हॅरस’ त्यामानाने प्रामाणिक आहे. फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता दमवणं, पुन्हा पुन्हा हल्ले करून थकवणं.

घरी मराठी, बाहेर हिंदी. मी भाषांतरात ‘मानसिक छळ’चं हिंदी ‘मानसिक छल’ केलं, ते चुकीचं ठरलं. मग आपले त्रासाचे शब्द आले तरी कुठून? – वाचक, इतवारी

संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. हिंदीने तो अर्थ जपला. मराठीत ‘छळ’ फसवणुकीकडून यातनेकडे गेला. तेव्हा तुमच्या ‘छल’ने हिंदी वाचकाला फसवणूक सांगितली. हिंदीत ‘उत्पीड़न’ हवं होतं. नागपुरात हा घोळ होणारच, इथे एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. ‘त्रास’चंही तसंच. संस्कृतात ती भीती, थरकाप. मराठीत वीज गेली तरी त्रास. ‘सतावणे’ संतापातून, म्हणजे तापवण्यातून आलं. ‘हैराण’ अरबीत चकित झालेला माणूस, आपल्याकडे घामाघूम.

‘उत्पीडन’मधला ‘पीड्’ धातू म्हणजे दाबणं, चेपणं. त्यातूनच ‘पीडा’, ‘पिडणे’ आणि आपलं घरगुती ‘पिळणे’. कॉलेजातली मुलं ‘लई पिळतो यार’ म्हणतात तेव्हा ती संस्कृत धातू अगदी मूळ अर्थाने वापरत असतात, व्याकरणाच्या तासालाही.

आणि ज्या शब्दावाचून नागपूरचं पानही हलत नाही, तो ‘परेशान’. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला, विस्कटलेला. उर्दू शायरीत ‘जुल्फ-ए-परेशाँ’ म्हणजे चिंताग्रस्त केस नव्हेत, पिंजारलेले केस. ‘काऊन परेशान करून राहिला बे’ याचं शब्दाला शब्द ठेवून जुनं इंग्रजी करायचं झालं, तर क्रियापद ‘टीझ’च घ्यावं लागेल.